आखाजीचा मुऱ्हाळी

भडगाव, ११ एप्रिल १९८९
॥ श्री ॥
चि. अभिमन यास अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक, माझे गुडघे सोडून. होळीनंतर तुझं पत्र नाही. तू डोंगरातल्या शाळेत मास्तर झालास तेव्हा आई म्हणायची, पोरगा लवकरच बदली मागून येईल. तुला ते सुचलंच नाही. दिवसा शाळा, रात्री मोठ्यांचे वर्ग, सुटीत श्रमदान. गावाचं भलं कर बाबा, मी आड येत नाही.

पण अक्षय्यतृतीया, आपली आखाजी, जवळ आली. आई गेली, धरणगावच्या घराला कुलूप लागलं, तेव्हापासून मला न्यायला कुणी आलेलं नाही. गल्लीतल्या सगळ्या सुनांना न्यायला माहेरचा मुऱ्हाळी येतो आणि मी ओट्यावरून त्यांना वाटेला लावते. सासूबाई मनाने वाईट नाहीत, पण परवा बोलल्याच, तुना भाऊले बठ्ठं गाव शे, बहीण तेवढी नही. भावाला सगळं गाव आहे, मीच तेवढी नाही, हे ऐकून मी हसले. काय करणार?

या आखाजीला तू यायचंस. कुलूप काढू, घर झाडू, आईबाबांच्या नावाची घागर भरू, चार दिवस राहू. यंदाही कुणी आलं नाही तर माझं माहेर संपलं असं मी धरीन. रागाने लिहीत नाही, थकले म्हणून लिहिते.

इकडची माया आहेच, तिकडचीही राहू दे.
तुझी अक्का

मोहपाडा, ता. अक्राणी, २१ एप्रिल
ती. सौ. अक्कास अभिमनचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

येतो. आदल्या दिवशी तुझ्या दारात हजर. सासूबाईंना सांग, बहीण आहे मला.

यंदा विहीर काढली आहे. इथल्या बाया उन्हाळ्यात नाल्यातल्या झिऱ्यावर बसून वाटीवाटीने घागर भरतात. माझ्या शब्दावर लोक गुजरातेत मजुरीला गेले नाहीत, सगळे खणायला उतरले. आता दगड लागलाय. पोरांना शिकवावं तर ती शिकतात तरी. दगडाला कोण समजावणार? मीही थकलो आहे अक्का, पण हे इथे कुणाला सांगता येत नाही. चार दिवस तुझ्याजवळ बसलो तर बरं वाटेल.

दाजींना नमस्कार. लोभ आहे तसाच असो.
तुझा अभिमन

मोहपाडा, ५ मे, आमश्याच्या हाती
ती. सौ. अक्कास सा. न.

मी येत नाही. एवढं वाक्य लिहायला सकाळ गेली.

विहिरीची एक बाजू ढासळली. पावसाआधी बांधून काढली नाही तर सगळी बुजेल. दोन घरं कंटाळून गुजरातेत गेलीच; मी चार दिवस हललो तर बाकीचीही जातील. मग पुन्हा माझ्या शब्दावर कोण थांबेल?

हा आमश्या, याच्याच शेतात विहीर आहे. पहारींना धार लावायला धुळ्याला निघाला होता, त्याला तसाच पुढे तुझ्याकडे धाडतो आहे. सोबत थोडी चारोळी आणि मध आहे. त्याला जेवू घालून परत पाठव. काल माझा चेहरा पाहून त्याने कारण विचारलं, तेव्हा आखाजीला लेकीबाळींना कसं न्यायला जातात ते सांगितलं. बिचारा ऐकत राहिला.

क्षमा कर म्हणायला तोंड नाही.
अभिमन

भडगाव, १६ मे
चि. अभिमन यास अनेक आशीर्वाद.

परवा मोहपाड्याहून सुखरूप घरी पोचले. तिथे बोलणं झालं नाही म्हणून लिहिते.

तुझा आमश्या दारात आला तो दाढी करून, नवी टोपी घालून. सासूबाईंनी कोण, कशाला असं विचारलं, तर अक्काले लेवाले उनू, एवढंच म्हणाला. मग पिशवीतून तुझी चिठ्ठी काढून दिली. चिठ्ठीत तू न येण्याचं लिहिलेलं, आणि हा न्यायला उभा! मग उलगडलं. तू एक दिवस त्याला मुऱ्हाळ्याची रीत सांगितलीस आणि दुसऱ्या दिवशी गाठोडं देऊन बहिणीकडे पाठवलंस. गुरुजींनी आपल्याला मुऱ्हाळी केलं, असं त्याने धरलं.

खरं सांगून त्याला परत लावणार होते. पण त्या टोपीकडे पाहिलं आणि जीभ वळेना. हा तुझा कोण, असं सासूबाईंनी विचारलं. भाऊ, म्हटलं, आणि पिशवी भरायला घेतली. कुणी अडवलं नाही, आमश्याबरोबर तुमच्याकडे निघाले.

तुमच्या मोहपाड्यात मला काही कमी पडलं नाही. आमश्याच्या घरच्या चमेलीबाईने मोहाला दोर बांधून झोका केला आणि या वयात मला त्यावर बसवलं. आखाजी त्यांची नाही, तरी बायांनी ती माझ्यासाठी केली. मी रडले, ते तुला दिसलं नाही. तू विहिरीत होतास.

एकच दुपार तू वर आलास. आई जाताना तुझ्यासाठी काय बोलली ते सांगावं म्हणून मी ताटाशी बसले. सुरुवात केली, आणि तू घास हातात धरूनच झोपलास. आधी राग आला. मग तुझे तळहात पाहिले, आणि उठवलं नाही. जाग आल्यावर तू तसाच कामाला पळालास. आईचं बोलणं अजून माझ्याजवळच आहे.

माहेर मिळालं, आता तक्रार नाही. पण पाऊस लागला, बांधकाम उरकलं की तू इकडे ये. मला न्यायला नको, नुसता झोपायला ये. मी उठवणार नाही.

तुझी अक्का