बुरशीले दाखवलेलं ऊन

मंगळवार, मृगाचा

आज सासऱ्यायनं माह्या शेणखताले ऊन दाखवलं. ऊन! पापडाले दाखवते तसं!

मागच्या साली मर रोगानं अर्धी तूर उभ्याउभ्या वाळली. म्हणून यंदा शेणखतात ट्रायकोडर्मा बुरशीची भुकटी अन् गूळपाणी कालवलं, निंबाखाली ओल्या पोत्यानं झाकलं. काल त्यावर हिरवी बुरशी आलती, पोपटी हिरवी. मी किती खुश! आज पांढरकवड्याच्या बाजारातून आली, तं सारं अंगणात पसरलेलं. वाळून खडखडीत.

"बुरशी चढलती, पोरी. वाया गेलं असतं," सासरे म्हणले. माह्या भल्यासाठीच केलं त्यायनं, म्हणून ओरडताही येईना.

"मामाजी, मले बुरशीच पायजे होती. ही बुरशी मर रोगाच्या बुरशीले खाते."

तं नवरा हासला. "बुरशीनं तूर मरते, अन् तू बुरशीच पेरतं?"

व्हय, पेरीन! हासाचं तं हास.

निंबाखाली पोत्याच्या घडीत मूठभर ओलं राह्यलं होतं. अजून हिरवं, तसंच पोपटी. तेच नव्या शेणखतात कालवलं. नवऱ्याच्या चहाचा गूळ संपला त्यात. संपू दे.

पण ठेवावं कुठं? या घरात सासऱ्यायचा हात कुठं पोचत नाई?

टोपलं ओल्या पोत्यानं झाकून माह्या खाटेखाली सरकवलं. वास येते. येऊ दे. आता कोणाले ऊन दाखवाचं असन, तं पहिले मले खाटेसकट अंगणात न्या लागन.