बांध घातला, पाणी वाढलं

५ जानेवारी १९९७, रविवार
एनएसएसचं शिबिर संपलं. आटपाडीच्या पलीकडच्या या गावात ओढ्यावर दगडी बांध घातला. मी दगड उचलले नाहीत. लीडरने देखरेख करायची असते.
आता प्रोजेक्ट. बांधामुळे विहिरीचं पाणी किती वाढतं? ग्रुपमध्ये मी आणि मिरजेची नीलिमा. देवळाजवळच्या सार्वजनिक विहिरीत दोरीला दगड बांधून सोडला. पाणी तळाला, घागर बुडेल न बुडेल एवढं. बाकीच्या विहिरी उन्हात आहेत. ही एक पुरे.
संकल्प: दर महिन्याला सांगलीहून सहाची एस.टी. पकडायची. सकाळीच रिडिंग. संशोधन म्हणजे शिस्त.

१६ फेब्रुवारी, रविवार
सहाची चुकली. गजर वाजला होता, मनाची तयारी नव्हती. पोचायला दुपार झाली.
पाणी दुप्पट! दोनदा मोजलं. विहिरीभोवती चक्क चिखल, म्हणजे ओलावा वरपर्यंत आलाय. चिखलात मोठ्या चाकोऱ्या होत्या, त्यात माझा पाय मुरगळला. गावाने रस्त्याकडे लक्ष द्यायला हवं.
नीलिमा म्हणाली, पावसाचा थेंब नाही, बांध कोरडा ठणठणीत, मग पाणी आलं कुठून? इथल्या बायकांना विचारू या, सरांनी लोकसहभाग सांगितलाय. मी म्हटलं, लोकांना विचारलं की डेटा बिघडतो. विहीर लोकांची आहे, एवढा सहभाग पुरे. ती परतीच्या एस.टी.त पुढच्या सीटवर जाऊन बसली.

१६ मार्च, रविवार
सहाची चुकली. आता त्याचं फारसं काही वाटत नाही.
पाणी आणखी वर. नीलिमा आली नाही. देवळाच्या पायरीवर भामाबाई बसल्या होत्या. विहिरीसमोरच त्यांचं घर आहे. म्हणाल्या, "लय उशीर केलासा सायेब. सकाळी आला असतासा तर बघितलं असतंसा. सगळं गाव नुसतं तुटून पडतंय हितं." विहिरीबद्दल गावाला एवढा उत्साह! समाधान वाटलं. त्यांनी तांब्या भरून पाणी दिलं. नळाच्या पाण्याला येतो तसा टीसीएल पावडरचा वास येत होता. भूगर्भातली खनिजं उतरली असणार.
विहिरींचं मला कळतं. आमच्या कोरेगावच्या उसातल्या विहिरीत मी पोहायला शिकलो.

६ एप्रिल, रविवार
रिपोर्ट पूर्ण. नीलिमाने स्वतःचं नाव काढायला लावलं. म्हणे, तिथे टँकर सुरू आहे का, एवढं तरी बघ. मी इतक्या वेळा गेलो, एकदाही टँकर दिसला नाही. बरं झालं आठवण केली. तेही लिहून टाकलं: गाव टँकरमुक्त.
एक झेरॉक्स शुक्रवारीच आटपाडीच्या तहसील कचेरीत दिली. साहेबांनी उभं राहून हात मिळवला. गावाचं भलं झालं की मला बक्षीस नको. मिळालं तर घेईन.

२७ एप्रिल, रविवार
दिवसभर झोपलो. पेपरात बातमी आली आहे. फोटोत माझा कान आहे.
गावाकडून एस.टी.च्या कंडक्टरकरवी निरोप आला: त्या सायबाला एकदा घेऊन या. सत्कार असणार. भाषणात बांध, श्रमदान आणि शेवटी मी.

४ मे, रविवार
सहाची मिळाली. रात्री झोपच आली नव्हती. पांढरा शर्ट.
विहिरीभोवती सगळं गाव. घागरींची रांग. मी सगळ्यांना हात जोडले. हार कुणाच्याच हातात नव्हता. दगड सोडला. ठण्ण वाजला.
भामाबाई जवळ आल्या. चिडल्या नव्हत्या. म्हणाल्या, "रोज सकाळी टँकर यायचा. हिरीत पानी वतायचा, आमी शेंदून घ्यायचो. तुमी लिवलंसा म्हनं पानी वाढलंय, टँकर न्हाई. मग कचेरीवाल्यांनी बंदच केला. पंधरा दिस झालं. सून पहाटंच पान्याला गेलीया, अजून आली न्हाई."
काय बोललो आठवत नाही. बहुतेक बांधाबद्दल काहीतरी.
मग त्या घरात गेल्या आणि तांब्या घेऊन आल्या. "पी लेकरा, लांबनं आलायस." मी प्यायलो. सवयीने सगळा रिकामा केला. तांब्या परत देताना दाराआडची घागर दिसली. पालथी होती.
लाज वाटली. कान तापले. तसाच परत आलो.
संकल्प: उद्या सहाच्या एस.टी.ने कचेरीत जायचं. माझं चुकलं, टँकर सुरू करा, असं सही करून द्यायचं. उद्याच.

५ मे, सोमवार. सकाळी नऊ
सहाची चुकली.