कॉफी, अक्रोड आणि काउंटरची खुर्ची

२ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सक्तीने लिहायला लावायच्या आणि दर शनिवारी वाचायच्या, त्यामुळे आम्ही मुली शुक्रवारपर्यंत फार सद्गुणी असायचो. ही कोणी वाचणार नाही. म्हणून खरं तेच लिहिते.

विषय: माझे केस.

गेल्या महिन्यात दुकानातला डाय लावला आणि कपाळ पावासारखं फुगलं. त्वचेच्या डॉक्टरांनी बजावलं, यापुढे डाय बंद. मी विचारलं, थोडासासुद्धा नाही? ते म्हणाले, बाई, तुम्ही इथे यायच्या आधी आरशात बघितलंत ना? तेव्हा आता फक्त सौम्य, नैसर्गिक उपाय.

आणि नेमकी आज दवाखान्यात मीटिंग. डोळ्यांच्या या दवाखान्याच्या काउंटरवर मी सत्तावीस वर्षं बसते आहे. मोठे डॉक्टर निवृत्त झाल्यापासून त्यांची लेक सगळं बघते. लहानपणी हिला मी काउंटरखाली बसवून रंगीत खडू दिले आहेत, हिच्या वेण्या घातल्या आहेत. आज ती सगळ्यांसमोर म्हणाली, एक एप्रिलपासून काउंटरवर एकीनेच बसायचं, दुसरीने मागे रेकॉर्ड रूममध्ये. दोघी म्हणजे मी आणि चिमणी. चिमणी सहा महिन्यांपूर्वी आली. वय चोवीस. अखंड चिवचिव. केस काळेभोर, कमरेपर्यंत.

रेकॉर्ड रूमला खिडकी नाही.

डॉक्टर म्हणाली, काउंटरवरच्या माणसाकडे बघून पेशंटला भरवसा वाटला पाहिजे. म्हणताना माझ्याकडेच बघत होती. नजर माझ्या डोळ्यांवर होती, पण रोख भांगावर होता. बायकांना कळतं.

एकोणतीस दिवस आहेत. भरपूर झाले.

४ मार्च, सकाळी ६

कॉफी. मासिकात कृती आहे: कडक कॉफी, त्यात कंडिशनर, डोक्यावर तासभर. घरभर वास सुटला. हे झोपेतून उठून कप घेऊनच स्वयंपाकघरात आले. म्हणाले, झाली का? म्हटलं, झाली, पण डोक्यावर आहे.

कप परत ठेवताना जरा आपटलाच त्यांनी.

सकाळी ८

धुतले. फारच सुंदर. मऊ तपकिरी छटा. यांना दाखवलं. म्हणाले, पांढरेच आहेत की. चष्मा पुसून पुन्हा बघितलं, पुन्हा तेच. म्हटलं, तुम्ही डोळे तपासून घ्या.

६ मार्च

उशीचा अभ्रा तपकिरी. ब्लाउजची कॉलर तपकिरी. दवाखान्यात एकाच्याही लक्षात आलं नाही की मी बदलले आहे. चिमणीने फक्त विचारलं, मावशी, कुणी कॉफी सांडली का हो इथे?

सहा नंबरचा कागद नऊ नंबरच्या माणसाला दिला म्हणे मी. हल्ली आकडे फार बारीक छापतात. डॉक्टर हळूच म्हणाली, मावशी, एकदा डोळे दाखवा ना मला. स्टाफला तपासणी फुकट असते, म्हणून म्हणाली असेल. प्रेमळ आहे पोर. पण मला वेळ कुठे आहे?

९ मार्च

कॉफी बाद. ती टिकत नाही आणि लोकांना भूक लागते.

आता काळा चहा. मूठभर पावडर उकळून, गार करून केसांवर ओतायची आणि धुवायचं नाही. सगळं नीट झालं. मग बसस्टॉपपर्यंत उन्हातून चालत गेले. दहा वाजता काउंटरवर एका पेशंटची बायको घाबरून ओरडली, अहो बाई, तुमच्या कानातून काहीतरी येतंय! रांगेतल्या सगळ्यांनी मान वळवली. मी शांतपणे रुमालाने टिपलं आणि म्हटलं, चहा आहे.

त्यानंतर रांग जरा मागे सरकली.

संताप आला. मासिकात घामाविषयी एक अक्षर नाही.

१३ मार्च

अक्रोड. टरफलं आणि वरच्या हिरव्या साली दोन दिवस भिजत घालून उकळायच्या. पूर्वी लोकर याने रंगवायचे. लोकर रंगते तर मी का नाही रंगणार?

पातेलं कामातून गेलं. ते पातेलं आमच्या पहिल्या बिऱ्हाडाचं होतं. यांनी पगारातून आणलं होतं, आणि त्यात केलेलं पहिलं सूप इतकं खारट झालं होतं की आम्ही दोघं हसत हसत बाहेर जेवायला गेलो होतो. वाईट वाटलं. पण लढाईत नुकसान होतंच.

हातमोजे घालायचे असतात हे नंतर वाचलं. दहाही बोटं काळी. केसांपेक्षा बोटांवर रंग उत्तम बसला आहे, हे मान्य केलं पाहिजे.

१४ मार्च

पेशंटच्या सगळ्या कागदांवर माझ्या बोटांचे ठसे. डॉक्टरने एक फाइल उचलून खिडकीपाशी नेली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. म्हणाली, मावशी, घरी सगळं ठीक आहे ना? म्हटलं, अगदी ठीक.

रात्री लेकीचा फोन. सांगून टाकलं. ती म्हणाली, आई, राहू दे ना पांढरे, छान ग्रेसफुल दिसतात. हिचं वय एकोणतीस. एकोणतिसाव्या वर्षी मीही दुसऱ्यांच्या पांढऱ्या केसांबद्दल फार उदार होते.

म्हटलं, अगं, खुर्ची जाईल माझी. ती म्हणाली, केसांमुळे कुणाची खुर्ची जात नाही. मग हळूच, आई, तू मागच्या वेळी मला मेसेजमध्ये तीनदा ‘प्रिय प्लंबर’ लिहिलं होतंस. म्हटलं, फोनची चूक असते ती.

१८ मार्च

चिमणीला नवा कॉम्प्युटर पटापट येतो. पडद्यावर ती कुठेतरी बोट ठेवते आणि म्हणते, हे बघा मावशी, इथे लिहिलंय. मला तिथे धुकं दिसतं. पडदा स्वस्तातला घेतला असणार.

आज फार आठवण आली शाळेची. दोन वेण्या, दुमडून वर बांधलेल्या, निळ्या रिबिनी. माझ्या वेण्या वर्गात सगळ्यात जाड. सिस्टर म्हणायच्या, मुली, केसांचा अभिमान धरू नये, व्हॅनिटी आहे ती. त्यांचे स्वतःचे केस कुठल्या रंगाचे होते ते कुणाला कधीच कळलं नाही. सुखी बाई.

२१ मार्च, शनिवार

सापडलं. मेंदी आणि नीळ. दोन पाकिटं, दोन्ही पाल्याची पूड, रसायन नावाला नाही. हे म्हणाले, नीळ म्हणजे कपड्यांना घालायचे ती? म्हटलं, ती वेगळी, ही झाडाची. ते म्हणाले, झाडाची तरी निळीच ना? अडाण्यांशी वाद घालत नाही मी.

पाकिटावरची सूचना मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरात. हे म्हणाले, आण, मी वाचतो. कॉन्व्हेंटमध्ये अकरा वर्षं काढलेल्या बाईला पाकीट वाचून दाखवणार! खिडकीपाशी जाऊन अक्षर लावून घेतलं मीच. आधी नीळ, सहा तास. मग मेंदी, वीस मिनिटं. उलटंही असू शकेल असं एकदा वाटलं, पण मनाला विचारलं तर मन म्हणालं, हेच.

संध्याकाळी ५

काळे! खोल, गार, दाट काळे! आरशासमोर पंधरा मिनिटं उभी होते. वीस वर्षांपूर्वीची मीच.

हे आले. दारातच थांबले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, तुला असंच हवं होतं का? म्हटलं, अगदी असंच. म्हणाले, मग छान आहे.

शेवटी पसंती दिली.

२३ मार्च

दवाखान्यात शिरले. चिमणीची चिवचिव सहा महिन्यांत पहिल्यांदा थांबली. म्हणाली, मावशी... आणि पुढे काही बोललीच नाही. बिचारीला कळलं असेल, आता स्पर्धा बरोबरीची आहे.

सगळे बघतात. लहान मुलं तर बोट दाखवतात आणि त्यांच्या आया पटकन ते बोट खाली करतात. सत्तावीस वर्षांत माझ्याकडे इतकं कोणी बघितलं नव्हतं.

एक निवृत्त मास्तर तपासणीला आले होते. गेल्या आठवड्यात त्यांचा मोतीबिंदू काढला. मला निरखून म्हणाले, बाई, रागावू नका, पण तुमचे केस निळे आहेत का हो? मी हसले. समजावून सांगितलं की मास्तर, ऑपरेशननंतर काही दिवस सगळं निळसर दिसतं, नव्या डोळ्याला सवय व्हायला वेळ लागतो. म्हणाले, असं होय? पण मग चिमणीचे नाही दिसत. म्हटलं, हळूहळू दिसतील.

त्यांच्या फाइलवर बारीक नोंद केली: रंगांचा गोंधळ.

२७ मार्च

आज वाईट झालं.

एक म्हातारी बाई सकाळी नऊपासून एकटी बसून होती. मी तिची चिठ्ठी दुसऱ्याच खोलीच्या ट्रेमध्ये ठेवली होती. नाव वाचताना चुकलं. बारा वाजता चिमणीच्या लक्षात आलं. बाई रागावली नाही. उलट मलाच म्हणाली, होतं हो असं, तुम्ही दमला असाल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

बाथरूममध्ये जाऊन रडले. कागद हल्ली फार पांढरे असतात, चकाकतात, हे खरं. पण ती तीन तास बसली होती हेही खरं.

रेकॉर्ड रूममध्ये फाइलींशी काय बोलणार मी? इथे माणसं दाराशी चाचपडत येतात, खुर्ची कुठे आहे विचारतात, मी हात धरून बसवते. मला तेवढंच येतं.

केस तरी काळे आहेत.

३१ मार्च, मंगळवार

डॉक्टरने केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, संपलं. निकालाच्या दिवशी सिस्टरसमोर बसायचो तशी बसले, गुडघे जुळवून. ती म्हणाली, तिथे नाही, इथे बसा. मशीनपुढे. हनुवटी टेकवायला लावली आणि दिवा डोळ्यात घातला. मग हा डोळा, मग तो डोळा.

शेवटी म्हणाली, मावशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा तर पूर्ण पिकलाय. किती महिने न दिसता काम करताय?

म्हटलं, मला सगळं दिसतं.

ती म्हणाली, भिंतीवरचा तक्ता वाचा. म्हटलं, कुठल्या भिंतीवरचा?

मग तिने माझा हात धरला. म्हणाली, खुर्ची तुमचीच आहे. पेशंट दारातूनच तुम्हाला शोधत येतात. चिमणीसुद्धा म्हणाली, मावशींना बाहेर राहू द्या, मी आत बसते, मला तसंही गाणी ऐकत काम करायचंय. पण दिसलं पाहिजे ना हो तुम्हाला? महिनाभर डोळे दाखवा डोळे दाखवा म्हणतेय मी.

म्हणजे तो भरवसा डोळ्यांचा होता. मग मीच विचारलं, आणि केस? तिने विचारलं, केसांचं काय? आणि तिला खोकल्याची मोठी उबळ आली. पाणी पिऊन आली तरी थांबेना.

परवा उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. नवं भिंग बसेल. तेव्हा केस आणखी छान दिसतील.

४ एप्रिल

काल पट्टी काढली. एका डोळ्याने लिहिते आहे.

काय काय दिसतं! पंख्यावर धूळ. फरशीच्या सांध्यांत काळं. आणि सकाळी चहा घेऊन हे समोर आले तर कोण म्हातारा माणूस आला असं वाटलं. भुवया पांढऱ्या. गालावर किती रेघा! हे कधी झालं? मी माझ्याच भांगात बघत बसले होते. त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघितला. ते म्हणाले, काय गं, दुखतंय का?

मग आरशापाशी गेले.

केस निळे आहेत.

निळसर नाही. निळे. कानांपाशी हिरवे. मागे शेंड्यांना नारिंगी. आणि मुळांशी जरासे पांढरे, तेवढेच काय ते माणसाचे वाटतात.

ओरडले. हे धावत आले. म्हटलं, तुम्ही सांगितलं का नाही? म्हणाले, विचारलं होतं ना, असंच हवं होतं का. तू अगदी असंच म्हणालीस. आणि फार खूश होतीस गं.

शाम्पूची बाटली उचलली. यांनी हातातून काढून घेतली. दहा दिवस डोक्यावरून पाणी नाही. मी वाद घालणार होते, पण तो सूचनांचा छापील कागद गेली सत्तावीस वर्षं मीच देते, त्या ओळीखाली दोन रेघा मारून.

८ एप्रिल

आजपासून कामावर. बसमध्ये काळा गॉगल, निळे केस. शेजारची जागा शेवटच्या स्टॉपपर्यंत रिकामी.

नऊ वाजता काउंटरवर बसले. रजिस्टर उघडलं. रेघा काळ्याभोर आहेत, आकडे ठसठशीत आहेत. कुणी बदललेले नाहीत.

पहिला पेशंट नवा होता, बायकोचा हात धरून आलेला. नाव विचारलं, पहिल्या फटक्यात बरोबर लिहिलं. वेळ, नंबर, खोली, सगळं बरोबर. मान वर केली तर दोघंही माझ्या डोक्याकडे बघत होते. बायको त्याच्या कानात काहीतरी बोलली. तो जरा पुढे वाकला आणि दबक्या आवाजात म्हणाला, बाई, खरं सांगा, इथे डोळे नीट होतात ना?

म्हटलं, होतात. फार नीट होतात.