बाबांचा गुडघा

तीर्थरूप बाबा,

तुम्हाला आणि आईला प्रभूमध्ये सलाम. मी मजेत आहे आणि वेळेवर जेवते, एवढं आईला आधी वाचून दाखवा.

ऑनलाइन प्रार्थनेतली माणसं खरी कशावरून, असं तुम्ही विचारायचात ना? रविवारी बॅप्टिस्ट चर्चच्या मेळाव्यात ती सगळी प्रत्यक्ष भेटली. मी लाँड्रीतल्या कामावरून तशीच गेले होते, हातांना साबणाचा वास. दारातच पाय अडखळले. तेवढ्यात बुधवारच्या ऑनलाइन प्रार्थनेतल्या धिप्पाड ट्रकवाल्या काकांनी लांबूनच ओळखून हाक मारली, "अगं, बाबांचा गुडघा कसा आहे?"

ऑपरेशनच्या वेळी मीच प्रार्थना करा म्हणाले होते. पुढे बरं वाटल्याचं सांगायचं राहूनच गेलं! बाबा, आठ महिने ही माणसं दर बुधवारी तुमच्या गुडघ्यासाठी प्रार्थना करताहेत.

मग मला सगळ्यांपुढे उभं केलं. मी म्हटलं, "तीस वर्षं बसचा क्लच दाबून झिजलेला गुडघा तो. आता जिना चढतात, असं तेच सांगतात." अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. ट्रकवाले काका तर उठून उभे राहिले. तुमची लेक म्हणून इतकी ताठ मी कधीच उभी राहिले नव्हते.

चर्चच्या सेक्रेटरीबाईंनी प्रार्थनेच्या यादीतलं तुमचं नाव खोडायला पेन काढलं. मी त्यांचा हात धरला.

फोनवर तुम्ही 'ठणठणीत' म्हणता, तेव्हा मागे आई गप्प का असते? खरं काय ते लिहा. तोवर नाव खोडू देणार नाही.

तुमचीच,
धाकटी