घरोघरचा चहा

आई, तुला जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी कुणी पाहुण्याच्या चहात साखरेचा जास्तीचा चमचा टाकला की मला तुझाच राग येतो.

नेरूळच्या आपल्या वस्तीत तू आरोग्यसेविका होतीस. पिशवीत बीपीचं मशीन, गोळ्यांच्या पट्ट्या, आणि सकाळी निघालीस की घर तिथं बैठक. कांदा मार्केटातल्या त्या शुगरवाल्या हमालाच्या पायाच्या अंगठ्याची चिघळलेली जखम तूच पकडलीस. तो लपवत होता. तू शिव्या घालत त्याला सरकारी दवाखान्यात नेलंस. पाय वाचला, बायकोचं सोनं गहाण न पडता तिच्या अंगावरच राहिलं. एरवी चक्कर येऊन पडल्यावरच खासगी हॉस्पिटल गाठणारी माणसं तुझ्यामुळे वेळेवर गोळ्या घेऊ लागली. आणि 'साखर कमी करा' हे त्यांना सांगताना तुझ्या हातात कायम गोडमिट्ट चहाचा कप. तुला स्वतःला शुगर असताना!

स्वयंपाकघरात मी तुझ्याशी किती भांडले. नको म्हण, निदान बिनसाखरेचा माग. भाकरी थापता थापता तू म्हणालीस, "गावाकडं नर्सबाई यायची, ती उंबऱ्याभाईर उभी राहायची. मायनं दिलेलं पानी कधी प्याली न्हाई. मायचं तोंड कसं व्हायचं ते म्या पाह्यलंय. म्या कुनाच्या दारातून कप परत धाडनार न्हाई. आन् धाडला, तर माझ्या हातच्या गोळ्या कोन घेईल गं?" मी म्हणाले, तू मेलीस तर गोळ्या देणार कोण? तू तवा उतरवलास.

मग तुझ्या किडन्या गेल्या. डायलिसिसच्या खाटेवर तू पडलेली आणि तो तरुण डॉक्टर विचारतोय, "तुम्हीच लोकांना सांगता ना मावशी, मग तुमची शुगर एवढी कशी?" तू शाळेतल्या पोरीसारखी मान खाली घालतेस. मला त्याचं तोंड फोडावंसं वाटतं, आणि तुझंही. तू सांभाळलेली माणसं सगळी आपापल्या घरी धडधाकट आणि भरती झालीस तू. वस्तीतल्या बायका रडत रडत भेटायला येतात, येताना थर्मासमधून चहा आणतात.

आता तुझ्या जागी दुसरी ताई आहे. हुशार, गोड बोलणारी. स्वतःची पाण्याची बाटली घेऊन फिरते, कुणाकडेच चहा घेत नाही. "एकाकडे घेतला की सगळीकडे घ्यावा लागतो," म्हणते. मी तुला जन्मभर हेच तर सांगत होते. गेल्या महिन्यात तिने माझं बीपी मोजलं, ते बरंच वाढलेलं निघालं. मी पुढे केलेला कप तिने हसून बाजूला सरकवला आणि गोळ्यांची पट्टी हातात दिली. तिचं काहीच चुकलं नाही. ती जगेल. हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून लिहून टाकते: त्या पट्टीतली एकही गोळी मी अजून घेतलेली नाही.