तिघांचं खातं, दोन जागा

७ जानेवारी
"परतलेल्या वीरा, तुझं स्वागत असो!" — चार वर्षांनी गेम उघडला तर हे. वीर इथे नेरूळला फाटक्या टी-शर्टात वरणभात खातोय! स्वागताखाली बारीक अक्षरात खरी गोष्ट: परतलेल्या खेळाडूंना यापुढे दोनच पात्रं. आमची तीन आहेत. रविवारपर्यंत एक उडवा, नाहीतर खातंच बंद. पैसे टाकूनही तिसरी जागा मिळत नाही. जेवायला बोलवायचं आणि दारात अडवून म्हणायचं, तिघांतले दोघेच आत या. वा!

८ जानेवारी
खातं तिघांचं. कॉलेजात एकाच पासवर्डवर आळीपाळीने खेळायचो. कुंदनचा 'रेडा' — ढाल घेऊन पुढे उभा राहतो, मार खातो, विषय संपला. नमिताची 'झाडपालेवाली' — जखमा भरते. माझा जादूगार, 'निर्वात'. नावांवरूनच कळतं कुणाला डोकं आहे.
मी परत आलोय ते खेळायला नाही, कादंबरीसाठी. एका खात्यात राहणारी पात्रं, कथानक शून्य. त्यात रेडा काय करणार? चरणार?
रेडा जाईल. मी आणि नमिता उरू. — हे शेवटचं वाक्य खोडायला हवं. राहू दे.

९ जानेवारी
कुंदनला फोन. कळंबोलीच्या लोखंड बाजारात होता, मागे ट्रक बोंबलत होते.
"अरं लेखका! जिता हायस का?"
सगळं सांगितलं.
"मंग माझा रेडा ठेव रं."
"का पण? चार वर्षं बघितलं पण नाहीस त्याच्याकडे."
"तू तरी कुठं बघलास? नमिताला इचार. तिगांचा हाय ना."
शिरवण्यात बापाच्या तीन बिल्डिंगी, गळ्यात ही जाड चेन, आणि ह्याला रेडा पाहिजे! वर लोकशाही पाहिजे. मतदान घेऊन कुणी कादंबरी लिहितं का?

१० जानेवारी
नमिता. तळोज्याच्या कंपनीत लॅबला आहे, चहाच्या सुट्टीत बोलली.
"परत आल्यापासून किती खेळलास?"
"खेळत नाही. निरीक्षण करतोय."
हसली. मग म्हणाली, "तुझ्यानंतर पाळी आली की पेटी रिकामी असायची, आठवतं?"
आमचा एक नियम होता. जो खेळून उठेल त्याने पुढच्यासाठी सामायिक पेटीत औषधं ठेवायची. नियम म्हणे! मी मुद्दाम ठेवायचो नाही. रिकाम्या पेटीतून गोष्ट सुरू होते — तिला तेही समजावलं.
"हो रे, आणि कुंदनचा रेडा मरायचा."
मेला तर मेला! मिनिटभरात उठतो परत.
"बरं, मग जाणार कोण?"
"ते मी ठरवतो. तुम्ही टेन्शन घेऊ नका."
"आम्ही नाही घेत," म्हणाली. फोन ठेवला. 'आम्ही'! कंपनीत गेल्यावर सगळे बहुवचनात बोलायला लागतात.

११ जानेवारी
पहिलं प्रकरण झालं. रेड्याचा मृत्यू. दीड पान, एकही क्रियापद नाही. जबरदस्त!

१२ जानेवारी, रविवार
सकाळी रेड्याला उडवायला बसलो. दोन जागा, दोन्ही भरलेल्या. रेडा. झाडपालेवाली. निर्वात कुठेच नाही.
नमिताला मेसेज टाकला — हे काय?
लगेच उत्तर: "काल रात्री कुंदनशी बोलले. आम्ही दोघं परत खेळायला लागतोय, रोज थोडं थोडं. तुला तर निरीक्षणच करायचंय ना? पासवर्ड तोच आहे. येऊन बघत जा."