गाडी कोणाचं ऐकते

३ नोव्हें., सोम.

गाडीने आज पुन्हा दगा दिला. आई शाल, फाईल, पाण्याची बाटली घेऊन जिना उतरून खाली आली, आणि बटण दाबलं तर नुसतं 'कट्'. किका मारून पोटरी आखडली. चाळीतले दोघे जण फुकटचे सल्ले देऊन गेले. शेवटी टॅक्सी. जवळचं भाडं म्हणून दोघांनी मान फिरवली, तिसऱ्याने आईच्या हाताची पट्टी बघितली आणि दार उघडलं. डायलिसिसला उशीर. सिस्टर बोलली. बोलणारच, तिच्या मशीनला पुढचा पेशंट असतो.

संध्याकाळी भाजीला निघताना सहज बटण दाबलं. पहिल्या फटक्यात चालू. असा राग आला की भाजीला पायीच गेले.

६ नोव्हें., गुरु.

चालू झाली. परळपर्यंत कुरकुर नाही, येतानाही नाही.

आई मागे बसताना म्हणाली, "चालू झाली वाटतं." सुट्टी मिळता मिळता राहिली की पोरं बोलतात, तशा आवाजात. मी ऐकलं न ऐकलं केलं.

डॉक्टरांनी आज परत बजावलं. सोमवार-गुरुवार. एखादी वेळ चुकली तर निभावेल, लागोपाठ दोन चुकल्या तर पाणी फुप्फुसात. हे ते आईला सांगत होते आणि आई भिंतीवरच्या पंख्याकडे बघत होती.

७ नोव्हें., शुक्र.

हाफ डे टाकून बबनकडे. चिंचपोकळी स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत त्याचं गॅरेज, बाबांच्या वेळेपासून ही गाडी त्याच्याच हाताखाली. त्याने प्लग काढून दाखवला. काळाकुट्ट.

मी म्हटलं, सगळंच बदल ना एकदम. प्लग, बॅटरी, काय ते.

"नाय ताई. एका टायमाला एकच गोष्ट बदलायची. नायतर घोडं कुठे पेंड खातंय ते कळणार कसं?"

मग त्याच्या गावच्या घराची कौलं, त्याच्या मेव्हण्याची किडनी, सगळं ऐकून घरी. प्लग नवा.

१० नोव्हें., सोम.

नव्या प्लगसकट बंद. आई शेजारी उभी. किक, चोक, सगळं करून झालं. टॅक्सी.

बसल्या बसल्या आई म्हणाली, "त्याला नको असेल."

"कोणाला?"

"गाडीच्या मालकाला."

आमच्या घरात हे! कोणीतरी गाडीला लिंबू-मिरची बांधली होती तर बाबांनी लिंबू वरणात पिळलं आणि मिरच्यांचा ठेचा करायला लावला होता, आणि तो आईनेच केला होता. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून खाल्ला आम्ही. सहा वर्षं झाली बाबांना. हिंदमाताच्या सिग्नलला ह्याच गाडीवर बसल्या जागी गेले. लोकांनी गाडी बाजूला नीट स्टँडवर लावली होती, किल्ली लोकांनीच आणून दिली. तेव्हापासून मी चालवते. सहा वर्षांत एकदाही काही वाटलं नाही, आणि आता वाटून घ्यायचंही नाही.

संध्याकाळी चालू. अर्थातच.

१३ नोव्हें., गुरु.

काल बबनने कार्ब्युरेटर साफ करून दिला. "कचरा होता ताई, आता बघा." आज चालू झाली. म्हणजे कचराच. सुटले.

येताना आई बोलत होती. सहा डिसेंबरला दादरला पाणी वाटायला बसायचं म्हणते, दर वर्षीसारखं. मी म्हटलं खुर्ची घेऊन बस, मी वाटते. हो म्हणाली. बरं वाटलं.

१७ नोव्हें., सोम.

बंद. कार्ब्युरेटर साफ, प्लग नवा, पेट्रोल फुल्ल.

निघताना शेजारच्या कांबळेमावशी गॅलरीत होत्या. आई दर वेळी त्यांना सांगून निघते. आज मावशी तिच्यावर ओरडल्या, "अहो ताई, जाते काय म्हणता? येते म्हणावं माणसाने. मागच्या सोमवारी पण तेच."

आई हसली. "तोंडातून निघतं हो."

आम्ही खाली आलो आणि गाडी मेलेली.

तेव्हा काही जोडलं नाही मी. आत्ता लिहिताना दोन्ही ओळी एकाखाली एक आल्या आणि हात थांबला. पेन ठेवून चहा केला. सुजाता, तू विज्ञान शाखेची आहेस, जरा लाज बाळग.

२० नोव्हें., गुरु.

मुद्दाम कान देऊन उभी राहिले. आई म्हणाली, "येते हो मावशी."

चालू. एका बटणात.

संध्याकाळी मावशींकडे साखर मागायच्या निमित्ताने गेले. घरात साखर होती. गप्पांत विचारलं, आई नेहमी असं जाते-जाते म्हणते का? मावशी म्हणाल्या, नाय गं, दिवाळीनंतरच सुरू झालंय. कधी येते, कधी जाते. "मी टोकते म्हणून मग गुरुवारी बरोबर म्हणते." मग डोळे बारीक करून, "का गं?"

काही नाही म्हटलं. साखर घेऊन आले.

२२ नोव्हें., शनि.

दुपारी जेवून आडवी झाले होते. आई खाटेवर झोपलेली. खालून आवाज आला, खर्र खर्र खर्र. स्टार्टर फिरतोय, इंजिन पकडत नाही. आमच्याच गाडीचा आवाज, शंभरात ओळखेन. आधी वाटलं कोणी चोरतंय. धावत गॅलरीत आले. गाडी जिन्याखाली एकटी. आसपास कोणी नाही, मांजर सोडून. हँडल थरथरत होतं.

किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला होती. मी तिच्याकडे बघत असताना आवाज बंद झाला.

मागून आई. डोळे मिटलेलेच. "पकडत नाही ना?"

म्हटलं, झोप तू.

बबनला फोन. "स्टार्टरचा रिले चिकटला असणार ताई. होतं असं." मी म्हटलं, किल्ली वर खिळ्याला होती. तो म्हणाला, "चावी बंद असताना... तसं सहसा होत नाय. आणा उद्या, बदलून टाकू."

२३ नोव्हें., रवि.

रिले बदलला. बबनने जुना हातात दिला, लहानशी काळी डबी. उघडून बघितली म्हणे, आत सगळं चांगलं होतं. "पण जुना झालेला." कशालाही काहीतरी नाव द्यायलाच हवं ना.

परत आल्यावर जे केलं ते इथे लिहिते आणि कोणाला सांगणार नाही. जिन्याखाली एकटी उभी राहून गाडीला म्हटलं, "जाते." बटण. चालू. बंद केली. "जाते." चालू. पुन्हा पुन्हा. प्रत्येक वेळी चालू. वरच्या मजल्यावरचा पोऱ्या कठड्यावरून बघत होता, त्याला वाटलं असेल बाई कामातून गेली.

इतकं हलकं वाटलं. रिले होता, झालं. मनी वसे ते स्वप्नी दिसे, दुसरं काय.

मग जिना चढताना वाटलं, माझ्या म्हणण्याला काय किंमत? मी कुठे जाणार होते?

२४ नोव्हें., सोम.

आई दारात चप्पल घालत होती. मी म्हटलं, "आई, मावशींना येते म्हण हं."

"का?"

"अगं, त्या ओरडतात उगाच."

"येते हो मावशी," मावशींऐवजी माझ्याकडे बघत म्हणाली.

चालू. मी लालबागच्या पुलाखालून जाताना गाणं म्हणत होते. आरशात आईचा चेहरा दिसला. ती विचार करत होती.

परत आल्यावर जेवताना, "सुजे, हे गाडीचं आहे का?"

नाही म्हणता आलं नाही. सगळं सांगितलं, तारखांसकट. ती हसेल असं वाटलं होतं. हसलीच, पदर तोंडाला लावून, खोकला येईपर्यंत. "बाबांची पोर ना तू! मिरचीचा ठेचा खाणारी!" मग पाणी प्यायली. मग म्हणाली, "बघू या की गाडी कोणाचं ऐकते."

मी म्हटलं, असले खेळ नकोत.

२७ नोव्हें., गुरु.

तिने खेळ केलाच. गॅलरीत उभी राहून, अर्ध्या चाळीला ऐकू जाईल असं, "जाते हो मावशी!" मावशींच्या हातातलं सूप खाली पडलं.

खाली आलो. नवा प्लग, नवा रिले, साफ कार्ब्युरेटर. कट्सुद्धा नाही. लाईट नाही, हॉर्न नाही. किक दाबली तर पाय दगडावर ठेवल्यासारखा.

टॅक्सी मिळाली आज, पहिल्याच हाताला. दार उघडून उभी राहिले. आई बसेना.

"वर चल."

"आई, चुकवायचं नाहीये."

"गाडीनेच सांगितलं. चल."

आवाज चढवला मी, रस्त्यात. टॅक्सीवाल्यासमोर. ये म्हणते ना, नुसतं येते म्हण आणि बस, काय जातं तुझं! तेव्हा तिने माझ्या गालाला हात लावला, लहानपणी ताप बघायची तसा.

"तुझे बाबा त्या दिवशी येतोच म्हणून गेले होते."

आणि कठडा धरून एकेक पायरी चढत वर गेली. टॅक्सीवाला निघून गेला.

दुपारी पाण्याला म्हणून खाली उतरले, बटणावर बोट पडलं. चालू.

२९ नोव्हें., शनि.

आईचे पाय सुजलेत. डोळ्यांखालीही. रात्री दोन उश्या घेतल्या तरी बसूनच होती. आज तरी चल म्हणून पाया पडले, सिस्टरशी फोनवर बोलून जागाही मिळवली. नाही म्हणजे नाही. "सोमवारी. सोमवारी नक्की. वचन."

मग स्वतःच बोलली. शांतपणे, भाजी निवडताना बोलतात तसं. "मला आता बास झालंय गं. सुया, ते थंड मशीन, तुझे हाफ डे. मरायची हौस नाही मला. पण दर वेळी परत यायचं म्हणजे... दमते मी."

मी काय बोलू? तू दमलीस हे मला दिसतं. पण माझं कोण आहे? सकाळी ऑफिसला निघताना मी दारातून ओरडते, येते गं. ती आतून म्हणते, ये. गेली कित्येक वर्षं. आई नसली तर मी कोणाला येते म्हणून निघू? भिंतीला? हे तिला म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

३० नोव्हें., रवि.

बबन स्वतः घरी आला, गाडी इथेच तपासली. वायर न् वायर. शेवटी हात पुसत म्हणाला, "ताई, ह्या गाडीत फॉल्ट नाय." आनंदाची बातमी सांगावी तसं. आईने त्याला चहा दिला. त्याला दारापर्यंत सोडायला गेली, कठडा धरून. तो म्हणाला, येतो मावशी. ती म्हणाली, ये बाबा.

उद्या गाडी नको असं ठरवलंय. टॅक्सी सांगून ठेवली आहे, कोपऱ्यावरचा ओळखीचा आहे. आता गाडीचा आणि आपला संबंध नाही. उद्या डायलिसिस व्हायलाच हवं, डॉक्टर फोनवर दुसरं काही बोललेच नाहीत.

१ डिसें., सोम.

टॅक्सीवाला आला नाही. फोन उचलत नाही. कोपऱ्यावर जाऊन आले, एकही नाही. फोनवरून मागवायला गेले तर शोधतंय, शोधतंय. अँब्युलन्सला तास लागेल म्हणाले.

आईचा श्वास लागतोय. उशीर करून चालणार नाही.

म्हटलं गाडी तरी बघू. मी आधी खाली गेले. बटणावर अंगठा ठेवून उभी राहिले, दाबलं नाही. वरून आवाज येईपर्यंत थांबायचं असं का वाटलं, माहीत नाही. मग गॅलरीतून आई. आज ओरडली नाही, खेळ नव्हता. मावशींचा हात हातात घेऊन म्हणाली, इतकं हळू की मला ऐकू यायला नको होतं, पण आलं.

"जाते, मावशी."

मावशी टोकायला विसरल्या.

मी बटण दाबलं नव्हतं. शपथेवर लिहिते, दाबलं नव्हतं. गाडी चालू झाली. गोड, एकसारखी, बाबांनी शोरूममधून आणली त्या दिवशीसारखी. एवढ्या दिवसांत ज्या आवाजासाठी मी जीव टाकत होते, तो आवाज.

आई खाली आली. मागे बसली. शाल नीट केली. "बघ," म्हणाली, "चालू झाली." चेहरा सुजलेला, पण हसत होती. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी किल्ली फिरवून बंद करायला गेले. किल्ली फिरली. गाडी चालूच.

बाटली राहिली म्हणून वर आले. बाटली तिच्याच पिशवीत आहे. हे लिहायला आले, कारण कोणाला तरी सांगायला हवं आणि मावशी देवघरासमोर बसल्यात. फोन अजून टॅक्सी शोधतोय. न नेलं तर दुसरी वेळ चुकेल. नेलं तर

खालून इंजिनाचा आवाज येतोय. एकदाही अडखळत नाही.

आईने हाक मारली. "सुजे, येतेस की जाऊ मी?"

आले आले, ओरडून सांगितलं. अजून उठले नाही.